रंग उडाला नाही

तांडा, ता. नेर
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय भिया,

तुझं पत्र आलं. याडीच्या कानाशी ओरडून दोनदा वाचून दाखवलं. आपली आई किती बहिरी झाली आहे ते तू गेल्यापासून मला जास्तच कळतंय. जेलातून तुझा फोन येतो तेव्हा ती फोन हातात धरून बसते. आवाज तिला ऐकू येत नाही. पण तू बोलत असलास की फोन गरम होतो, म्हणते.

आज एका वेगळ्याच कामासाठी लिहिते आहे. तू डिसेंबरात गेलास त्याच आठवड्यात मी तुझा फोटो छापून भिंतीवर लावला. स्टुडिओ उघडला त्या दिवशीचा, निळ्या शर्टातला. आपल्याच प्रिंटरवर, चकचकीत कागदावर, चांगला मोठा. अजून दोन महिने पूर्ण झाले नाहीत आणि तुझा चेहरा हिरवट पडलाय. शर्ट निळाच आहे, पण गालांचा आणि ओठांचा रंग गेला. शेजारची सुखीबाई बघून म्हणाली, "पोरगा तिथं बिमार तं नाई न?" तेव्हापासून याडीच्या घशाखाली घास उतरत नाही.

कारण मला दिसतंय. मोतीबिंदूमुळे याडीला घरात काही दिसत नाही, एका डोळ्यानं बघते, तेही भरपूर उजेड असला तर. म्हणून रोज सकाळी चहा झाला की फोटो खिळ्यावरून काढते, अंगणात खाटेवर बसते आणि ऊन चढेपर्यंत डोळ्याजवळ धरून बघत राहते. बघता बघता गालावर अंगठा फिरवते. तिथे तर पांढरा डागच पडलाय. मी म्हटलं, याडी, उन्हानं रंग जातो. तर म्हणते, "सावलीत मले दिसते का? दिसत नाई तं रंग ठेवून काय करू?"

गिऱ्हाइकांना तू सांगायचास, पन्नास वर्षं रंग हलणार नाही. मग आता सांग, मी काय करू?

भेटीला यावंसं वाटतं. तू नको म्हणतोस म्हणून थांबले.

उज्ज्वला

*

अमरावती जेल
१९ फेब्रुवारी २०२४

उज्ज्वला,

पहिले याडीले सांग का मी तब्येतीनं ठीक हाय. आणि सुखीबाईले म्हणा, फोटो हिरवा पडला म्हणून माणूस हिरवा पडत नाई.

आता खरं सांगतो. पन्नास वर्षं म्हणायचो ते कागदाच्या पुडक्यावर छापेल होतं म्हणून म्हणायचो. पुडक्यावर जी शाई सांगेल होती ते मी कधी भरलीच नाई. आपण बाटलीतली भरत होतो. शाई दोन जातीची असते. एकीत रंग पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलेला. ते कागदावर लय भडक दिसते, गिऱ्हाईक खूश होते. पण ऊन, हवा, चुलीचा धूर, सारं तिले खाते. आपल्या बाटलीतला गुलाबी सगळ्यात आधी जाते, आणि गुलाबी गेला का माणसाचं तोंड हिरवं दिसते. दुसऱ्या शाईत रंगाची बारीक भुकटी असते. ते कागदावर बसते आणि लय सावकाश जाते. पण आपल्या प्रिंटरमंधी ते चालत नाई, मशीनच वेगळी लागते. यवतमाळात रजनीताई हाय, लोकाइचे जुने फोटो दुरुस्त करून छापून देते, तिच्यापाशी तसा प्रिंटर हाय. जमलं तं जाऊन ये. तोवर फोटोले काच लाव, चुलीपासून दूर टांग, आणि याडीले उन्हात नेऊ देऊ नोको.

इथलं काय लिहू. बराकीत आमी छप्पन्न जण. वरती एक जाळी हाय, तिच्यातून सकाळी थोडा वेळ ऊन भिंतीवर पडते आणि सरकत सरकत कोपऱ्यात जाऊन संपते. तेवढा वेळ सारे तिकडंच पाहतेत. मंग दिवसभर पाहाले काहीच नसते. भिंत, पाठ, पाठ, भिंत.

दीड वर्षाची शिक्षा मले जास्त वाटत नाई. दोन रातीच्या जागरणावर मी गाडी हाकालेच नोको होती. राळेगावच्या लग्नाचं शूटिंग करून येताना एक सेकंद डोळा लागला, आणि तेवढ्यात तो डोमाजी वावरातून सायकलीवर घरी चालला होता. तो घरी पोचलाच नाई. त्याचं तोंड मले रोज दिसते. त्याचा रंग काही जात नाई.

तू भेटीले येऊ नोको. जाळीच्या पलीकडं तुले पाहिलं तं मंग आठ दिवस ह्या भिंती अंगावर येतीन. त्यापेक्षा याडीचा एक फोटो पाठव, पाकिटात मावेल असा.

तुझा भाऊ
पूनमसिंग

*

तांडा, ता. नेर
२१ एप्रिल २०२४

प्रिय भिया,

काच लावली. तिसऱ्या दिवशी याडीनं चाकूनं मागचे खिळे काढून फोटो बाहेर घेतला. म्हणे, "त्या काचात मायंच थोबाड दिसते. मायं थोबाड पाहून मी काय करू?"

आता भिंतीवर तिसरा फोटो आहे. एकेक दीड महिना टिकतो. गालावर तर पंधरा दिवसांतच डाग पडतो. मी तुझं सगळं बोलणं तिला समजावून सांगितलं, दोन जातींची शाई, भुकटी, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हे समदं त्याले ठाऊक होतं तं लोकाइले काहून फसवे?" याचं उत्तर तूच दे.

रजनीताईंकडे जाऊन आले. पन्नाशीच्या आहेत, एकट्याच राहतात, वडील कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. मला वाटलं होतं हाकलतील, पण त्यांनी तासभर बसवून मशीन दाखवली. एका म्हाताऱ्याचा फोटो दुरुस्त करत होत्या, अर्ध्या चेहऱ्याला वाळवी लागली होती. मला म्हणाल्या, करून बघ. मी केलं. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, भावाकडे. तुझा फोटो त्यांच्या शाईत पुढच्या महिन्यात मिळेल.

सोबत याडीचा फोटो आहे. पांढऱ्या बांगड्या मुद्दाम घालून बसली. हस म्हटलं तर म्हणाली, पूनमनं मले हसताना पाहिलं तं त्याले वाटन आमी इकडं मजेत हाओ.

उज्ज्वला

*

अमरावती जेल
९ मे २०२४

उज्ज्वला,

फोटो भेटला. इथं पत्र आधी साहेब वाचतेत, त्याइनं फोटो पाहून विचारलं, "आई का?" हो म्हटलं तं लगेच हातात देला.

भिंतीवर लावला नाई. ऊन त्या भिंतीवरच पडते. गीतेचं पुस्तक हाय इथं, त्याच्या पानात ठेवला. अंधारात फोटो लय दिवस राहते. सकाळी एकदा काढतो आणि पुन्हा ठेवून देतो.

याडीले सांग, लोकाइले फसवत होतो कारण सारेच तसं म्हणत होते, आणि फोटो उडाला म्हणून कोणी भांडाले आलं तं मी म्हणायचो तुमच्या भिंतीले ओल हाय. किती तांड्यात, किती घरात मेलेल्या माणसाचे फोटो मी लावून देले! त्या साऱ्याइचे तोंडं आता हिरवे झाले असतीन. इथं झोप नाई आली का मी ते घरं मोजतो. पाऊणशेच्या वर जाते आणि मंग चुकते.

गर्मी इतकी हाय का पाठ टेकवत नाई.

पूनमसिंग

*

तांडा, ता. नेर
२० जुलै २०२४

प्रिय भिया,

रजनीताईंनी छापलेला फोटो भिंतीवर लागून दोन महिने झाले. याडीचा नेम चालूच आहे, ऊन असलं की अंगणात. आणि खरंच, रंग टिकलाय. कडा किंचित फिक्या वाटतात, पण चेहरा माणसाचा आहे. मात्र अंगठ्यापुढे त्या शाईचंही काही चाललं नाही. गालावर पांढरा डाग पडलाच. रजनीताईंना सांगितलं तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "आईच्या अंगठ्यापुढे टिकणारी शाई अजून निघायची आहे गं." आणि दुसरी प्रत छापून दिली. ती मी आजच लावली.

याडीला थोडा खोकला आहे. पावसात अंगणात बसायला मिळत नाही म्हणून चिडचिड करते. परवा ढगांना शिव्या देत होती.

पेरण्या झाल्या. सोयाबीन चांगलं उगवलंय. स्टुडिओत पासपोर्ट फोटोशिवाय काम नाही.

उज्ज्वला

*

अमरावती जेल
८ सप्टेंबर २०२४

उज्ज्वला,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाई. दोनदा फोन लावला तं लागला नाई. तिसऱ्यांदा लागला तं तू म्हटलं, सारं ठीक हाय, आणि कटला. तुझा आवाज बसेल होता. याडीचा खोकला कसा हाय? दवाखान्यात नेलं का?

इथं बसून माणूस काय काय इचार करते तुले माहीत नाई. एक ओळ लिही, पण लिही.

पूनमसिंग

*

तांडा, ता. नेर
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय भिया,

माफ कर. पावसानं लाइन नव्हती, मोबाइल बंद पडायचा, आणि मलाही ताप होता. म्हणून आवाज बसला होता.

याडीचा खोकला गेला. आता बरी आहे. काल तिला कढी खावीशी वाटली म्हणून केली.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. आमचं ठीक चाललंय.

उज्ज्वला

*

अमरावती जेल
३ नोव्हेंबर २०२४

उज्ज्वला,

दिवाळी झाली. इथं गोड भेटलं.

पत्र वाचून बरं वाटलं. लहान होतं, पण चालते. एक सांग, रजनीताईची दुसरी प्रत कशी हाय? साडेतीन महिने झाले. मी इथं दोघातिघाइले सांगेल हाय त्या शाईचं. एक जण अकोल्याचा हाय, त्याचंही फोटोचं दुकान. तो म्हणते, सारी शाई सारखीच, उन्हापुढं कोणाचं चालत नाई. मी पैज लावली. नीट पाहून लिही, उजेडात धरून पाह्य.

पूनमसिंग

*

तांडा, ता. नेर
८ डिसेंबर २०२४

प्रिय भिया,

तू पैज जिंकलास. आज फोटो उजेडात नेऊन नीट बघितला. रंग तसूभर हललेला नाही. कडा फिक्या नाहीत, शर्ट तसाच, चेहरा तसाच. गालावर डागसुद्धा नाही. छापून आणला त्या दिवशी होता तसाच्या तसा आहे. अकोल्याच्या माणसाला सांग.

याडी मजेत आहे. थंडीत खाट अंगणात ओढून बसते. सुखीबाईशी तिचं भांडण झालं, कोंबडीवरून. दोन दिवस बोलत नव्हत्या, आता बोलतात.

रजनीताई म्हणतात, माझ्याकडे कायमची कामाला ये, वर एक खोली आहे ती देते. संग्रहालयाचे जुने फोटो दुरुस्त करायचं मोठं काम त्यांना मिळालंय. मी नाही म्हटलं. याडीला सोडून कशी जाऊ?

उज्ज्वला

*

अमरावती जेल
२९ डिसेंबर २०२४

उज्ज्वला,

तुझं पत्र मी बराकीत मोठ्यानं वाचलं! अकोलेवाल्यानं कान धरले. पाच महिने, रोजचं ऊन, आणि तसूभर नाई. बाहेर आलो का पहिले तसा प्रिंटर घेतो. ज्याइच्या घरचे फोटो उडाले त्या साऱ्याइले पुन्हा छापून देतो, फुकट. ते पाऊणशे घरं मोजाचा ताप तरी जाईन डोक्यातून.

रजनीताईकडं काहून जात नाई? याडीजवळ सुखीबाई हाय न. दर शनिवारी घरी येत जा.

पूनमसिंग

*

अमरावती जेल
१२ जानेवारी २०२५

उज्ज्वला,

दुसरं काही नाई. याडी काय खाते, काय बोलते, कुठं बसते, ते सारं लिही. लांब लिही. कागद कमी पडला तं पाठपोट लिही.

पूनमसिंग

*

तांडा, ता. नेर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय भिया,

तू लांब लिहायला सांगितलंस म्हणून आज दुपारपासून बसले आहे.

याडी पहाटे उठते. अजूनही चूल तीच पेटवते, मला हात लावू देत नाही. ज्वारीची भाकर थापते आणि पहिली भाकर बाजूला ठेवते, ती तुझी. दुपारी ती कुत्र्याला घालते. मी म्हटलं, मग कुत्र्याचीच म्हण ना. तर म्हणाली, "सकाऊन त्याची असते, दुपारून कुत्र्याची. तुले काय कराचं हाय?" परवा हरभऱ्याची भाजी खुडून आणली. दात नाहीत तरी भाजी चावून खाल्ल्यासारखं करते. रात्री झोपताना तुझ्या लहानपणीचं सांगते, तू बैलाच्या शेपटीला डबा बांधला होतास ते. तेच तेच सांगते आणि प्रत्येक वेळी हसते.

सकाळी फोटो घेऊन उन्हात बसते. रोज.

रजनीताईंनी पुन्हा विचारलं. पाडव्यापर्यंत थांबते म्हणाल्या, मग दुसरी मुलगी बघतील. मी कळवलं की जमणार नाही. सुखीबाईवर याडीला कसं टाकायचं? ती कुणाचं ऐकत नाही, माझंच ऐकते. तेव्हा आता हा विषय पुन्हा काढू नकोस.

उज्ज्वला

*

अमरावती जेल
२३ फेब्रुवारी २०२५

उज्ज्वला,

हे पत्र मी आठ दिवसापासून लिहून राह्यलो आणि फाडून राह्यलो. आता लिहितोच.

याडी गेली हे मले माहीत हाय.

कोणी सांगितलं नाई. तूच सांगितलं. पैज जिंकलो म्हणून दोन दिवस मी नाचत होतो. तिसऱ्या दिवशी अंगणात झाडू मारता मारता हात थांबला. रंग राह्यला असन शाईनं. पण गालावर डाग काहून नाई? उन्हापुढं टिकणारी शाई असते. याडीच्या अंगठ्यापुढं टिकणारी शाई नसते, तूच लिहिलं होतं, रजनीताई त्याच्यावर हसली होती. पाच महिने त्या फोटोले कोणी हातात घेतलं नाई. अंगणात नेलं नाई. मी तिथंच खाली बसलो. शिपायानं विचारलं, काय झालं रे? म्हटलं, चक्कर आली.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून डोकं भादरून घेतलं. संगच्याइले सांगितलं, उवा झाल्या. छप्पन्न माणसात माणूस रडू शकत नाई, उज्ज्वला. आंघोळीच्या वेळी डोक्यावर पाणी घेतलं का तेवढं जमते.

तेव्हाच तुले लिहाले पाहिजे होतं. लिहिलं नाई. उलट म्हटलं, याडीचं सारं लिही, लांब लिही. आणि तू लिहिलं. भाकर, कुत्रं, बैलाचा डबा. खोटं हाय हे माहीत असून मी ते पत्र रोज वाचत होतो. ते वाचत असलो का याडी घरात हाय असं वाटे. मले ते सोडवत नव्हतं.

पण त्या पत्रात खाली रजनीताईचं होतं. आधी मी तेवढं वाचत नव्हतो, वरचं वाचून घडी घालत होतो. मंग एक दिवस वाचलं. मेलेल्या माणसाले सांभाळाले तू चांगलं काम सोडून राह्यली. मले निदान तारीख हाय सुटाची. तुले कोण सोडीन? मी इथं कायद्यानं बंद हाओ, आणि तुले मी तिथं बंद करून ठेवलं, पत्र लिही म्हणून.

आता सांग. कधी गेली, कशी गेली. मले का कळवलं नाई ते पण सांग. मी रागावणार नाई.

पूनमसिंग

*

तांडा, ता. नेर
२ मार्च २०२५

भिया,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दारातच वाचलं आणि तिथेच बसून राहिले. सुखीबाई धावत आली. तिला वाटलं, तुला काही झालं. मी म्हटलं, पूनमला कळलं. ती पण माझ्याजवळ उंबऱ्यावर बसली आणि आम्ही दोघी मोठ्यानं रडलो. सात महिन्यांत पहिल्यांदा. आजपर्यंत तांड्यात कुणी मोठ्यानं रडलं नव्हतं, पोस्टमन येतो, कुणी ना कुणी येतं, म्हणून.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेली. खोकला छातीत उतरला होता. चार दिवस दवाखान्यात ठेवली, पण तिनं हट्टानं घरी आणायला लावलं. नवी प्रत लावली तेव्हापासून झडच होती, ऊन नाही म्हणून तिनं ती मागितलीच नव्हती. शेवटच्या सकाळी फोटो मागितला, मी दिला, डोळ्याजवळ धरला आणि म्हणाली, "आज दिसत नाई." मी बॅटरी धरली. तरी म्हणाली, "राहू दे. ठेवून दे जागेवर." तेव्हापासून तो फोटो खिळ्यावरच आहे. मी त्याला हात लावला नव्हता. तू पैजेचं विचारलंस तेव्हा पहिल्यांदा काढला. रंग तसाच बघून मला आनंद झाला, तुला काहीतरी खरं लिहायला मिळालं म्हणून. डागाचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

तुला कळवायचं नाही हे तिनंच सांगितलं. तांड्याचा शब्द ज्यांच्या हाती, त्या सेवादास नायकांना बोलावून घेतलं आणि त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "पूनमले सांगू नोका. त्याले बेड्या घालून आनतीन. मायी माती उचलून राह्यले आन पोराच्या हातात बेडी, हे तांड्यानं पाहू नये." मी म्हटलं, याडी, असं काही करत नाहीत, रजा मिळते. तिला ऐकू आलं नाही. की आलं आणि तिनं ऐकलं नाही, मला माहीत नाही. नायकांनी शब्द दिला.

अग्नी मी दिला. दोघातिघांनी कुरकुर केली, तेव्हा नायक म्हणाले, "घरात जे हाय तेच देईन." तुझ्या वाटचा एक फेरा जास्त मारला.

मग नायकांनी सांगितलं, पूनम येईपर्यंत घराला कुलूप नको. जेलातून कुणी चौकशीला आलं तर घर उघडं आणि चूल पेटलेली दिसली पाहिजे. म्हणून मी राहिले. स्टुडिओ चारला बंद करून यायचे, चूल पेटवायचे, एकटीसाठी एक भाकर करायचे. कुत्र्यासाठी दुसरी. तेवढं पत्रातलं खरं आहे.

पण एक गोष्ट नायकांची नाही, याडीची नाही, माझी आहे. पहिलं पत्र लिहिलं, कढीचं, तेव्हा चार ओळींना अख्खी दुपार लागली. दुसऱ्या वेळी कमी वेळ लागला. मग मले तेच बरं वाटू लागलं. पत्र लिहाले बसली का याडी घरात येऊन बसे. सुखीबाईशी भांडे. मी तिले बोलायले लावू आन ती बोले. कागद संपला का घर पुन्हा रिकामं. तू म्हणतोस तू मला बंद करून ठेवलंस. तसं नाही. दार आतून मीच लावलं होतं. रजनीताईंकडचं सोन्यासारखं काम मी सोडत होते ते तुझ्यासाठी नाही, तिथे गेले असते तर याडीचं काय लिहिणार होते?

तिचा फोटो भिंतीवर लावलेला नाही. तसा मोठा अजून छापलाच नाही.

उज्ज्वला

*

अमरावती जेल
११ मार्च २०२५

उज्ज्वला,

पत्र भेटलं. साहेबाइनं वाचून मले हापिसात बोलावलं. म्हणाले, आई गेली तेव्हाच अर्ज केला असता तं रजा भेटली असती, बेडीबिडी काही नाई. मी म्हटलं, माहीत हाय साहेब. ते म्हणाले, आता जायचं असन तं अर्ज देऊन पाह्य. मी नाई म्हटलं. आता जाऊन काय करू? तिनं जे टाळलं ते मी काहून करू? मे महिन्याच्या १७ तारखेले सुटतो. सेवादास नायकाले माझा रामराम सांग. तांड्यातल्या माणसाइनं सात महिने तोंड बंद ठेवलं, त्याइले कोणत्या तोंडानं काय म्हणू ते मले समजून नाई राह्यलं.

अग्नी तू देला, हे लय चांगलं केलं. मी बाहेर असतो तरी तुलेच पुढं केलं असतं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं हाय. मीच देला असता आणि तू मांगं उभी राह्यली असती. म्हणून म्हणतो, चांगलं झालं.

आता माझं ऐक. पाडव्याच्या आधी रजनीताईकडं जा. आजच फोन कर, दुसरी मुलगी ठेवली नसन तं. ठेवली असन तरी जाऊन उभी राह्य, तुझा हात पाहिला हाय तिनं. नायकाइले सांग, जेलवाल्याइले सारं माहीत झालं, आता चूल पेटवून दाखवाची गरज नाई. स्टुडिओ बंद राहू दे. पासपोर्ट फोटोसाठी लोक नेरात दुसरीकडं जातीन.

याडीचा फोटो छापाची घाई करू नोको. पहिले तिथलं काम शीक. मंग तुले वाटन त्या दिवशी छाप, तुले वाटन तो छाप. मले विचारू नोको शाई कोणती, कागद कोणता. तुले माझ्याहून जास्त समजते आता.

१७ तारखेले मले घ्याले येऊ नोको. मी इथून आधी राळेगावकडं जाईन, डोमाजीच्या घरी. ते लोक दारात उभं करतीन का नाई, माहीत नाई. नाई केलं तं बाहेरून हात जोडीन. मंग घरी. घर बंद असन, आत कोणी नसन, आणि ते कुलूप मले एकट्यालेच उघडाचं हाय. तू आधी येऊन चूल पेटवून ठेवू नोको. मी तुले ओळखतो.

सकाळी साडेसातची यवतमाळ गाडी पकड, तिले गर्दी कमी असते. खिडकीपाशी पुढं बस. मांगं बसली का तुले उलट्या होतेत.

तुझा भाऊ
पूनमसिंग